तळघरातलं पाणी

बाबा गेल्यापासून आई सकाळी उठते ती माशांना खायला घालायचं असतं म्हणून. एरवी उठायला तिला दुसरं कारण उरलेलं नाही, हे ती बोलत नाही आणि मी विचारत नाही.

माशांची टाकी बैठकीच्या खोलीत, जवळजवळ भिंतभर. खालच्या कपाटात दुसरी, लहान टाकी. वरच्या टाकीच्या कोपऱ्यातल्या जाळीवरून पाणी जाड पाइपाने खाली पडायचं, खाली गाळलं जायचं आणि पंप ते बारीक पाइपाने पुन्हा वर पाठवायचा. माशांचा दुकानदार त्या खालच्या टाकीला संप म्हणायचा, बाबा तळघर म्हणायचे. सगळी जोडणी त्यांच्या हातची. पाइप जुने झाले, एक जोड तडकला आणि रात्रभर पाणी झिरपून खालच्या मजल्यावरच्या शेजारच्या काकूंच्या छताला मोठा डाग पडला. काकू भांडल्या नाहीत, तेच जड गेलं. आईने त्यांना आपणहून शब्द दिला: पुन्हा एक थेंब जरी खाली आला, तरी मासे देऊन टाकीन. संध्याकाळी येऊन मासे घेऊन जा, असं तिने दुकानदाराला सांगून ठेवलं होतं. काकांचं काम जमलं तर त्याने रिकाम्या हाताने परत जायचं.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. पाणीपुरवठा खात्यात गळती शोधण्यात त्यांचा जन्म गेला. सकाळी आले, कपाटात डोकं घातलं आणि तिथूनच बोलले,

"वहिनी, दादाला मी तेव्हाच म्हणालो होतो, मला हाक मार. पण मोठ्या भावाला धाकट्याची अक्कल कधी दिसलीये का?"

"तुमची दिसली होती त्यांना," आई म्हणाली. "न्हाणीघराचा नळ अजून उलटा फिरतो."

काकांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. वरच्या टाकीतलं थोडं पाणी उपसून त्यांनी जुने पाइप कापून काढले. वर जाणाऱ्या बारीक पाइपाला, टाकीच्या आत, पाण्याच्या जरा खाली एक भोक होतं. पंप चालू असला की त्यातून आत बारीक धार उडायची. लहानपणापासून मी ती पाहत आले होते.

"हे बघ तुझ्या बापाचं काम," काका मला म्हणाले. "पाइपाला भोक पडलं आणि गडी तसाच वापरत राहिला."

भोक नसलेला नवा पाइप बसला. एल्बो, कॉक, सगळं काकांनी सोल्युशन लावून असं जोडलं की बोटाला शिवणही लागू नये. सुकल्यावर आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी ओतलं, पंप सुरू केला. तळघरात पाणी खळखळू लागलं. कुठे थेंब नाही. काकांनी जोडाजोडावर वर्तमानपत्राचा कागद दाबून पाहिला. कोरडा.

"झालं. आता शंभर वर्षं बघायला नको."

आईने माशांच्या खाद्याचा डबा घेतला आणि पंप बंद केला. खाद्य जाळीकडे ओढलं जाऊ नये म्हणून बाबाही असंच करायचे.

तळघरातलं पाणी चढू लागलं. थोडं चढणारच होतं. पण ते थांबेना. काका गुडघ्यावर बसून एकेक जोड चाचपत राहिले. जोड सगळे चोख होते आणि पाणी काठाला आलं होतं.

"बादली आण," काका म्हणाले. मी पळाले. येऊन बघते तो पाणी काचेच्या काठावर फुगून उभं, आणि आई डबा तसाच हातात धरून दुसऱ्या हाताने बटण दाबत होती. पंप सुरू झाला, पाणी उतरलं. जमीन कोरडी राहिली.

पंप चालू तोवर ठीक, पण वीज गेली की पाणी थेट काकूंच्या घरात. आईने डब्याचं झाकण लावलं आणि ती खुर्चीत बसली. "राहू द्या भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ."

हा आवाज मला ओळखीचा होता. दवाखान्यात डॉक्टरांशी ती शेवटी अशीच बोलली होती.

मी टाकीत पाहत राहिले. बारीक पाइपाचं तोंड खोल, वाळूजवळ होतं. "काका, ते पाणी जाळीवरून नव्हतं येत. पंप थांबला की हाच पाइप उलटा वाहतोय."

काकांनी पाइपाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "नळी लावून रॉकेल काढतात तसं. तोंड बुडालेलं आहे तोवर ओढतच राहणार." ते उठले, कचऱ्यातून जुना तुकडा काढला, उजेडात धरला. भोक गोल होतं, कडा पॉलिश पेपरने घासलेल्या. "ड्रिलने पाडलंय. पाणी इथवर उतरलं की हवा आत, आणि ओढ तुटली. अन् मी गाढव, गळती समजलो."

"पाइपाला भोक दिसलं की तुमचा जीव थाऱ्यावर राहतो का?" आई म्हणाली. पण ती खुर्चीतून उठली होती.

पंप थांबवायची सोय नव्हती, म्हणून आधी आम्ही वरचं पाणी बादल्यांनी उपसलं. मग पंप बंद करून काकांनी हातड्रिल घेतलं. चुरा माशांच्या तोंडी जाऊ नये म्हणून आईने खाली चहाची गाळणी धरली.

"आयुष्यात पहिल्यांदा धड पाइपाला भोक पाडतोय," काका म्हणाले. "खात्यात कळलं तर पेन्शन जाईल."

पाणी पुन्हा भरलं. बटण आईनेच बंद केलं. तळघरातलं पाणी चढलं, चढत राहिलं. मी काचेवरून नजर हलवली नाही. मग पाइपातून घोट गिळल्यासारखा आवाज झाला आणि पाणी काठाच्या चार बोटं खाली थांबलं. आम्ही आणखी थोडा वेळ बघत बसलो. ते तिथेच होतं.

काकांनी भिंतीला पाठ टेकून पाय पसरले. आईने माशांना खायला घातलं. सगळ्यात मोठा मासा, ज्याला बाबा साहेब म्हणायचे, तो नेहमीसारखा इतरांना ढकलत पुढे आला.

मग तिने दुकानदाराला फोन लावला. तो काहीतरी बोलत होता, ती ऐकून घेत होती.

"नाही, येऊ नका," ती म्हणाली. "आणि खाद्याचा मोठा डबा ठेवा बाजूला. उद्या सकाळी मीच येते न्यायला."