मधली पानं

“थांब गो राजश्री, ते कपाचं परत वाच,” कमळाकाकी म्हणाली आणि हातातला काजू तसाच धरून बसली.

राजश्रीने पान मागे उलटलं. कादंबरीतला गुरांचा डॉक्टर दर्शन पोस्टात काम करणाऱ्या अक्षया या मुलीकडे पहिल्यांदाच चहाला येतो आणि चहा झाल्यावर, कुणी न सांगता, दोघांचे कप विसळून पालथे घालतो. एवढंच होतं. पण हे तिसऱ्यांदा वाचून होईपर्यंत पाचही जणींचे हात थांबले होते.

“पालथे घातलान?” मथुराने विचारलं.

“पालथे. छापलंय हितं.”

“माज्या घोवाला घरात कप कुटं असतात ते पण म्हाईत नाय,” मथुराने जाहीर केलं आणि सगळी शेड हसली.

पालीजवळच्या त्या काजूच्या कारखान्यात या बायका गरांवरची लाल साल काढत. प्रत्येकीपुढे एक परात, संध्याकाळी तिचं वजन आणि त्यावर मजुरी. अडीच ते चार राजश्री मोठ्याने वाचायची. ती वाचते तेवढ्या वेळात तिची परात मागे पडू नये म्हणून मथुरा, नवी नवरी राही, दोघी जावाजावा आणि कमळाकाकी, अशा पाचही जणी आपल्यातली एकेक ओंजळ तिच्या परातीत टाकायच्या. कुणी ठरवलं नव्हतं, पण दोन वर्षांत मोडलंही नव्हतं. काकी त्रेसष्ट वर्षांची, शाळा दुसरीपर्यंत, अक्षरं कधीच विसरलेली. तिची ओंजळ मात्र सगळ्यांत मोठी, वर शीग असलेली.

पुस्तकं पालीच्या वाचनालयातली, आणि सगळी एकाच वळणाची. शहरात जीव विटलेली मुलगी बॅग घेऊन एका लहानशा गावात उतरते, पहिल्याच दिवशी एका घुम्या माणसाशी तिचं भांडण होतं, की पुढचं बायकांना पाठ. गावंही ओळखीची वाटायची. कोण कुणाच्या स्कूटरवर बसली हे तिथेही तासाभरात सगळ्यांना कळायचं. फरक एवढाच, की पुस्तकातली माणसं नाक खुपसून लग्न जुळवायची आणि इथली जुळत आलेलं मोडायची.

कारखान्याच्या शेठची आधी कुरकुर होती. मग वाचनामुळे भांडणं बंद झालेली बघून तो गप्प बसला. फक्त दर्शनने अक्षयाचा हात धरला त्या दिवशी अख्ख्या गरापेक्षा तुटलेली पाकळीच जास्त निघाली, तेव्हा तो येऊन सांगून गेला, “हात धरायचे असतील ते जेवणाच्या सुट्टीत धरा.”

आता मात्र पंचाईत झाली होती. काकीचा मुलगा नितेश खेडच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता. त्याच्या बायकोला नोकरी लागली आणि चार वर्षांच्या सानवीला बघायला घरात माणूस हवं झालं. शनिवारी तो आईला कायमची न्यायला येणार होता. काकीला जायचं नव्हतं असं नाही, नातीसाठी जीव तुटतच होता. पण पुस्तक दोनशे बारा पानांचं, आणि शुक्रवार संपेपर्यंत वाचून होणार होती जेमतेम एकशेवीस. तिकडे तिला कोण वाचून दाखवणार? सून दमून येणार, आणि मुलाला प्रेमाचं पुस्तक वाच म्हणून कुठल्या तोंडाने सांगणार?

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत राजश्रीने बाकीच्या चौघींना शेडबाहेर काढलं.

“रातांब्याखाली जाऊन बसा नि कानात बोटं घाला. मी काकीला शेवट वाचून दाखवतंय. तुमच्या कानावर पडला तर माज्या नावानं ओरडू नका.”

चौघी खरंच झाडाखाली कानात बोटं घालून ओळीने बसल्या. राजश्रीने शेवटचं प्रकरण उघडलं, आणि काकीने पानावर हात ठेवला.

“शेवट नको.”

“अगो, उद्या जाणार ना तू? लगीन होतं का नाय ते नको कळायला?”

“होणारच. पोस्टमास्तर अक्षता टाकणार, ती दुखणेकरी म्हस पण बरी होऊन मांडवात येणार. सगळ्या पुस्तकात होतं. मना मधलं हवं. रागावून जातो, मग दारात येऊन उभा ऱ्हातो, काय बोलायचं ते सुचत नाय, ते.”

राजश्रीने पुस्तक मिटलं.

“माजं लगीन झालं नि आठव्या दिसाला हे मुंबैला गेले. गणपतीत आठ दिस, शिमग्याला चार. अशी सत्तावीस वर्सं. मग एक दिस सरपंचांच्या घरी फोन आला, की गेले.” काकी हसली. “माज्या पुस्तकाला पयलं पान हाय नि शेवटचं हाय. मधली पानं कोणी लावलीच नाय.”

बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. इतक्या वर्षांत हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही. राजश्रीचे डोळे भरलेले दिसले तेव्हा तिला उगाच अपराध्यासारखं झालं.

“झालं का गो?” मथुरा बाहेरून ओरडली. “बोटं दुखाय लागली!”

सोमवारी खेडला नितेशच्या खोलीत काकी लसूण सोलत बसली होती. सोलायला काही ना काही लागतंच हाताला. अडीचला तिचा साधा फोन वाजला.

“काकी, पान एकशेएकवीस,” राजश्री म्हणाली. “फोन परातीच्या कडेला ठेवलाय. सगळ्यांना ऐकू जातंय, तवा सुनेची उणीदुणी काढू नको.”

“आजी, कोणाचा फोन?” सानवीने विचारलं.

“पोस्टातल्या अक्षयाचा. गप बस नि ऐक.”

दर्शन रागावून गेला होता. चार दिवसांनी तो अक्षयाच्या दारात आला आणि नुसताच उभा राहिला. इथे राजश्री पाणी प्यायला थांबली आणि काकीला तो आवाज आला. खळ्ळ. परातीत ओंजळ पडली. बांगड्या वाजल्या म्हणजे मथुराची. मग राहीची, बेताची. मग दोघी जावांच्या, लागोपाठ. चार झाल्या. आणि थोडं थांबून पाचवी पडली.

“ती कोणाची गो?” काकीने विचारलं.



“तुजी,” मथुरा म्हणाली. “आमी सगळ्या मिळून टाकतो.”

काकीने पदराने नाक पुसलं.

“मग जरा मोठी टाका. माजी वंजळ एवडीशी नसते.”

खळ्ळकन अजून काजू पडले. काकीने लसणाची नवी गड्डी फोडली. पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. दर्शन अजून दारातच उभा होता.