क्रेनवाल्याचं पत्र

“या देशात एक टाचणीसुद्धा धड मिळत नाही,” संपादक पेशेक पुटपुटले. कोटाला राष्ट्रध्वजाच्या रंगांची लाल-पांढरी-निळी फीत लावताना त्यांनी दुसऱ्यांदा बोट टोचून घेतलं होतं.

व्लास्तानं टाइपरायटरवरून मान वर करून पाहिलं. आठवड्यापूर्वी त्याच जागी कम्युनिस्ट पक्षाचा बिल्ला होता. प्रागमध्ये लाखो माणसं पक्षाच्या राजवटीविरुद्ध चौकात उतरली, काल दुपारी अख्ख्या देशानं काम बंद ठेवलं, आणि आज सकाळी पेशेकना आठवलं की आपण मनातून नेहमीच जनतेचे होतो.

‘वाचक लिहितात’ हे सदर व्लास्ताकडे होतं. वाचक कधी लिहीत नसत असं नाही, पण त्यांचं छापण्याजोगं नसे. म्हणून अठरा वर्षं व्लास्ताच लिहायची. कधी ती संतापलेली विणकरीण असे, कधी कृतज्ञ पेन्शनर. जेवणाच्या सुट्टीआधी दोन संताप सहज उरकत. नावं मनचीच. पण पोलिसांनी विद्यार्थ्यांना झोडपल्यानंतर पक्षाच्या जिल्हा समितीचा फोन आला, ओतशाळेतल्या कामगाराचं खरमरीत पत्र तासाभरात हवं. घाईत तिनं आपल्याच पेपरातल्या रक्तदात्यांच्या यादीतून एक नाव उचललं. रक्त देणारा माणूस, भला वाटेल. ‘आमच्या घामावर शिकणारी ही पोरं’ अशी सुरुवात तिला चांगली साधली होती.

दार उघडून एक थोराड माणूस आत आला. हातात टोपी, टोपीत पाकीट.

“मी अलोइस हनाक. ओतशाळेतला. तुमच्या पेपराप्रमाणे मी लेथवर आहे. मी क्रेनवर असतो.”

शेजारच्या टेबलावरच्या रादिमनं न वाजलेला फोन उचलून कानाला लावला.

“माझी पोरगी यित्का ब्रनोला शिकते. संपावर आहे,” हनाक म्हणाला. “तिनं हे कात्रण पाठवलं. सोबत एक ओळ नाही. फोन केला, तर वसतिगृहातल्या मुली सांगतात, ती तुमच्याशी बोलणार नाही. बायकोला म्हटलं, मी लिहिलं नाही. ती म्हणते, मग काय पेपर खोटं छापतो?”

“बसा ना, हनाकसाहेब!” पेशेक धावले. गेल्या आठवड्यात ते ‘कॉम्रेड’ म्हणाले असते. “तांत्रिक चूक असणार. छपाईत होतं असं.”

“छपाईच्या यंत्राला माझं नाव कुणी सांगितलं?”

“आपण असं करू,” पेशेकचा चेहरा उजळला. “उद्याच तुमचं नवं पत्र छापू. विद्यार्थ्यांच्या बाजूनं! पहिल्या पानावर! व्लास्ताबाई, घ्या हो. ‘मी एक साधा कामगार…’”

व्लास्ताच्या बोटांनी कागद चढवलाही होता. ‘मी एक साधा’ उमटलं, तेव्हा तिला कळलं आपण काय करतोय.

हनाकनं त्या तीन शब्दांकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

“मला पत्र नको,” तो हळू म्हणाला. “ते कुणी लिहिलं तेवढं सांगा. नाव असलं तर पोरगी ऐकेल. नुसतं ‘मी नाही’ तर काय, आता सगळेच म्हणतात.”

“आमची चौकशी चालू आहे,” पेशेक म्हणाले, आणि तिच्या टेबलाशी वाकून कुजबुजले, “गप्प राहा, बाई. नवे लोक याद्या करतायत, कुणी काय लिहिलं त्याच्या. पेन्शनला चार वर्षं राहिलीत तुमची.”

रादिम मुक्या फोनला ‘हो, हो’ म्हणत होता. हनाक टोपी डोक्यावर ठेवून दाराकडे वळला.

व्लास्तानं कागद खेचून काढला.

“थांबा,” ती म्हणाली. “ते मी लिहिलं. इथलं प्रत्येक पत्र मीच लिहिते, अठरा वर्षं, आणि इथे हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुलीला माझं नाव सांगा. व्लास्ता बिनोवा.”