दुखण्याच्या गोळ्यांची पेटी

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. माझा हिरवा रंग बराचसा उडाला आहे आणि झाकण उघडले की बिजागऱ्या कुरकुरतात. खरे सांगू का मित्रांनो, आता मी थकले आहे.

कराडच्या एका पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराने मला घडवले. औंधला यमाईच्या जत्रेत बयाबाईने मला विकत घेतले. बयाबाई आणि तिचे मालक जोतीराम मेंढरे राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचे, तेव्हा मी घोड्याच्या पाठीवर असे. कात्री, हळद, मेंढरांच्या जखमांचे मलम, सगळे माझ्यात. एखादे कोकरू आजारी पडले की दुसऱ्या तांड्यातली माणसेसुद्धा मला शोधत यायची. तेव्हा मला स्वतःचा मोठा अभिमान होता.

पुढे मेंढरे विकली. विहिरीला पाणी लागले, शेती सुरू झाली. मुलगा इंद्रजित ट्रक चालवू लागला, सोनिया सून म्हणून घरात आली. मी खाटेखाली गेले आणि गंजत पडले.

मग बयाबाईच्या छातीत गाठ निघाली. साताऱ्याला ऑपरेशन झाले, औषधे झाली, तरी दुखणे हाडांत उतरले. डॉक्टर राजेश्वरी मॅडमनी स्पष्ट सांगितले की आजार आता बरा होणार नाही, पण वेदना कमी करता येतील. त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. सोनियाने मला खाटेखालून ओढले, पुसले आणि गोळ्या माझ्यात ठेवल्या.

पण त्या कोणी काढल्याच नाहीत. शेजारचे नाथाजी म्हणाले होते, "जोती, ही अफूच की रं! एकदा सुरू केली की माणूस गेलाच म्हणून समज." जोतीराम घाबरले. माझ्या झाकणाखाली औषध होते आणि हाताच्या अंतरावर बयाबाई खाटेच्या दांडीला धरून बसलेली. तिला आडवे होता येत नव्हते, घास गिळता येत नव्हता.

"आवं, मला नुसतं आडवं व्हायचंय," ती म्हणायची. "दुसरं काय मागत न्हाई मी."

शेवटी सोनियाने मॅडमना फोन लावला. त्या घरी आल्या आणि जोतीरामांसमोर बसल्या.

"काका, मरण जवळ आलंय म्हणून हे औषध देत नाही, वेदना असह्य आहेत म्हणून देतोय," त्या म्हणाल्या. "ठरल्या वेळेला, ठरलं तेवढंच द्यायचं. सुरुवातीला मळमळेल, झोप येईल. या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, म्हणून त्याचंही औषध सोबत द्यायचं. मनानं वाढवायचं नाही, एकदम बंदही करायचं नाही. फार गुंगी आली, श्वास मंदावला, तर लगेच फोन करा. आणि पेटीला कुलूप लावा. हे औषध फक्त काकूंचं आहे."

त्या आठवड्यात बयाबाई आडवी झाली. मग उठून बसली, भाकरी मागू लागली. एका सकाळी ती उन्हात घेवडा सोलत बसली आणि चहा पाणचट झाला म्हणून जोतीरामांवर चिडली. किती दिवसांनी चिडली होती! जोतीराम आत येऊन माझ्याशेजारी बसले आणि डोळे पुसू लागले.

"दुखणं गेलं न्हाई," ती सोनियाला म्हणाली, "पर लांब जाऊन बसलंय."

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. जाताना तिच्या तोंडून कण्हणे आले नाही.

माझ्यात काही गोळ्या उरल्या होत्या. त्या दवाखान्यात परत द्यायच्या असतात. पण दुःखात ते कोणाच्या ध्यानात आले नाही. कुलूपही उघडेच राहिले.

इंद्रजितची पाठ ट्रकवर बसून धरायची. एकदा त्याने आईची एक गोळी घेतली. पाठ हलकी झाली. पाठीबरोबर मनही हलके झाले, आणि तिथेच घात झाला. मग पाठ दुखत नसली तरी त्याचा हात माझ्याकडे येऊ लागला. मला ओरडता येत नाही मित्रांनो. माझ्या बिजागऱ्या तेवढ्या कुरकुरायच्या, त्या घरात कोणी ऐकत नव्हते.

एका दुपारी तो दारू पिऊन आला आणि त्यावर गोळ्या घेऊन झोपला. सोनिया रानातून आली तेव्हा तो घोरत होता. तिला ते घोरणे वेगळे वाटले. जवळ जाऊन पाहिले तर ओठ निळे पडलेले, श्वास खूप वेळाने एखादा.

"मामा, धावा! ह्यांचा श्वास थांबतुया!"

दोघांनी त्याला कुशीवर वळवले. जोतीराम त्याच्या कानाशी ओरडत होते, "इंद्रजित, श्वास घे रं! घे माझ्या राजा!" सोनियाने फोन करून बोलावलेली दवाखान्याची गाडी आली. तिच्यातल्या डॉक्टरांनी उतारा म्हणून सुई दिली आणि साताऱ्याला नेले. तो वाचला.

त्यानंतरचे महिने फार कष्टाचे गेले. घाम, थरथर, चिडचिड, तोडून बोलणे. मॅडमनी त्याला रागावले नाही. हाही आजारच आहे, म्हणाल्या, आणि उपचार सुरू केले. जोतीराम उरलेल्या गोळ्या दवाखान्यात देऊन आले. मी रिकामी झाले. वाटले, सुटले.

पण यंदा जोतीरामांनाच कर्करोग निघाला. मणक्यात. मॅडमनी पुन्हा त्याच गोळ्या लिहून दिल्या. जोतीरामांनी मान फिरवली.

"ती गोळी ह्या घरात परत नगं. माझा ल्योक आत्ता कुठं सावरलाय. मी सोसतो."

ते सोसत राहिले. खाटेच्या दांडीला धरून, बसल्या बसल्या. इंद्रजित दारातून पाहत होता. एक दिवस तो आत आला.

"आबा, आई बिगर गोळीची कशी बसायची ते मी बघितलंय. तुमी तसं बसायचं न्हाई." मग सोनियाकडे वळून म्हणाला, "पेटी शेजारच्या रंगूबाईच्या घरात ठेव. किल्ली तुझ्या गळ्यात. मी रडलो, पाया पडलो तरी मला द्यायची न्हाई. पर आबांची येळ चुकवू नगंस."

आता मी रंगूबाईच्या फडताळात असते. मित्रांनो, ज्याला खरेच गरज आहे त्याला भीतीपोटी वेदनेत ठेवू नका. आणि एकाचे औषध दुसऱ्याच्या हाती लागू देऊ नका. दोन्ही चुका भोगलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि आता तिसरे काही पाहायची माझ्यात ताकद नाही.

वेळ झाली की सोनिया मला घेऊन घरी येते. तिची चाहूल लागली की इंद्रजित चपला घालतो आणि बांधावर जाऊन उभा राहतो. आत जोतीराम गोळी घेतात, हळूहळू आडवे होतात. सोनिया कुलूप लावते आणि दारातून हाक मारते, "या आता."

मग तो घरात येतो आणि बापाचे पाय दाबत बसतो.