दोन्ही सारखंच

"भावजी, हे तुम्ही घ्या," म्हणत स्वरूपावहिनींनी पिशवीतून एक चपटा डबा काढून टेबलावर ठेवला. आत ई-सिगारेट होती. वरचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. "यशवंतचं कपाट आवरताना सापडली. गेल्या ईस्टरला आणली होती त्यानं. काय हौसेनं!"

बायको, नंदिनी, आत पोहे परतत होती म्हणून बरं, नाहीतर तिनं माझा चेहरा लगेच वाचला असता.

वहिनींचा नवरा यशवंत आणि मी जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या एकाच केमिकल कारखान्यात एकोणीस वर्षं होतो. तो पंपांच्या मेंटेनन्सला, मी लॅबमध्ये. आत लायटर न्यायला बंदी. सिगारेट ओढायची ती काचेच्या एका खोपटात, भिंतीतल्या विजेच्या लायटरवर पेटवून. त्याला आम्ही टपरी म्हणायचो. फेब्रुवारीत त्याचं हृदय बंद पडलं. बावन्नाव्या वर्षी! तेव्हापासून मी टपरीत एकटाच जातो आणि बाकावर सरकून त्याला जागा करतो. परवा एकानं विचारलं, इथं कुणी बसलंय का? मी हो म्हणालो. त्याचा तो खोकला अगदी कानाशी ऐकू येतो, शपथेवर सांगतो.

"मग वापरली का नाही त्यानं?" मी विचारलं. उत्तर मला पाठ होतं, तरी विचारलं. मूर्खपणा, दुसरं काय!

"तुम्हीच म्हणालात ना, दोन्ही सारखंच विष. घरी येऊन त्याच्या त्या जर्मन सवयीनं म्हणाला, आल्झो, तर मग, शिरीष केमिस्ट आहे, त्याला कळतं. आणि टाकली ड्रॉवरमध्ये." आवाजात राग नव्हता. असता तर परवडलं असतं. "खरंच सारखंच असतं का हो?"

हो म्हणून मोकळं व्हायचं. पोहे येतील, विषय बदलेल. कोण तपासायला येणार होतं?

"नाही वहिनी," मी म्हणालो. "सारखं नसतं. त्यात तंबाखू जळत नाही, म्हणजे डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. चांगलं काही नाही त्यात, निकोटीन असतंच, आणि वीस वर्षांनी काय होईल ते कुणालाच माहीत नाही. पण सिगारेट पार सोडून ते घेतलं, तर अपाय बराच कमी. यशवंत वाचला असता असं नाही म्हणत मी. पण हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं."

"मग?"

"बॅटरीचं ते यंत्र गेटच्या आत न्यायला बंदी आहे, लायटरसारखीच. तो टपरीत आलाच नसता. मी एकटा पडलो असतो."

"एवढ्यासाठी?"

मी होकारार्थी मान हलवली. मला रडू येत होतं आणि त्याचीही लाज वाटत होती.

वहिनी उठल्या. खाली बसून सावकाश बुटांच्या नाड्या बांधल्या. तेवढ्यात नंदिनी बशा घेऊन बाहेर आली.

"अगं, निघालीस काय? खाऊन जा की!"

"नको गं." दार उघडून त्या म्हणाल्या, "जाते."

एकोणीस वर्षांत आमच्या दारातून त्या 'येते' म्हटल्याशिवाय कधी गेल्या नव्हत्या. जिन्यावरची पावलं थांबेपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. मग हातातल्या बशा तशाच धरून नंदिनीनं विचारलं, "अहो, काय बोललात तुम्ही तिला?"