चकतीची खुशाली

एकतीस वर्षं मी इस्पितळात ऑपरेशनची अवजारं निर्जंतुक करायचं काम केलं. कात्र्या, चिमटे, सुऱ्या, सगळं वाफेतून काढायचं. माझ्या हातून एक जंतू जिवंत सुटला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. अशा बाईच्या हाती माझ्या सुनेने जाताना जंतूंची बरणी दिली.

जाताना म्हणजे कायमची जाताना. घटस्फोटाचे कागद झाले होते. आमचे चिरंजीव आधीच दुसऱ्या गावी निघून गेले होते आणि ही उरलेलं सामान न्यायला आली होती. दोन बॅगा आणि शिवणयंत्र. बरणी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आई, ही तुम्हाला. कोम्बुचा करा, आंबवलेला चहा. गोड चहा गार करायचा, ही जिवंत चकती आणि हे आंबट पाणी त्यात घालायचं, वर फडकं बांधायचं. मी रोज संध्याकाळी फोन करून विचारीन."

चकती कसली, ओल्या चामड्याचा तुकडा. मला शिसारीच आली. पण ही रोज फोन करणार होती. मुलगा महिन्यातून एकदा करतो, तोही गाडी चालवताना. म्हटलं, दे बाई.

त्याच दिवशी चहा केला, साखर ढवळली, गार होऊ दिला. मग चकतीकडे पाहिलं. कुठल्या कुठल्या घरांतून फिरून आलेली. कुणी हात धुतले असतील, कुणी नसतील. माझे हात आपोआप चालले. चकती डब्यात, डबा कुकरमध्ये, पंधरा मिनिटं. आंबट पाणीही खळखळून उकळलं, अर्धवट काम मला जमत नाही. सगळं चहात घातलं, फडकं बांधायच्या आधी फोटो काढला आणि सुनेला पाठवला.

"छान," एवढंच उत्तर आलं.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. "कशी आहे चकती?" "मजेत." चकतीला दोन मिनिटं, मग वीस मिनिटं तिची नवी खोली, तिने शिवलेले पडदे, माझा गुडघा.

नवव्या दिवशी फडकं सोडलं, तर वर हिरवीगार बुरशी. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं भवाने, तू तिला शिजवलीस! सगळं बेसिनमध्ये ओतलं, बरणी घासून फळीवर पालथी घातली आणि मग मला रडू फुटलं. आज मी सांगणार मेली, ती म्हणणार असू दे. आणि उद्या ती कशाला फोन करील? घटस्फोट झालेल्या नवऱ्याची आई, हिची चौकशी कोण करतं?

फोन आला. "कशी आहे?"

"मजेत," मी म्हटलं.

खोटं बोलायचं तर नीट बोलावं. रोज फोनवर मी बुडबुडे आणले. वर नवी साय धरवली. आंबटपणा वाढला म्हणून आलं घातलं. सव्वा महिना मी नसलेला कोम्बुचा प्यायले आणि पोटाला आराम पडल्याचंही कळवलं.

मग एका दुपारी ती न सांगता दारात उभी. "इथे जवळच पडदे लावायला आले होते. बघू तरी चव."

चव काय दाखवणार, कपाळ? फळीवर बरणी पालथी, लखलखीत.

"मेली," मी म्हटलं. "कधीच मेली. मी कुकरला लावली होती."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. फोटोत मागे कुकर होता, आई. आणि चकती आक्रसून तळाला बसली होती."

"मग रोज मेलीची खुशाली कशाला विचारत होतीस?"

ती पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली. "दुसरं काय म्हणून फोन करणार होते? आता कुठल्या नात्याने?"

माझं डोकंच फिरलं. "आई म्हणतेस ना मला? मग नातं कसलं विचारतेस, गाढवे!" मी ओरडले.

तिने नाक पुसलं. पिशवीतून डबा काढला. आत नवी चकती, आंबट पाण्यात. मी हात धुवायला वळले.

"आई, कुकर कुठाय?"

"का?"

"तो मी घेऊन जाते."

"आणि मी स्वयंपाक कशात करू?"

"माझ्याकडे या जेवायला."

तिने कुकर पिशवीत घातला आणि चपला घालू लागली. शिट्टी ओट्यावरच राहिली होती. ती मी स्वतः नेऊन दिली.