खेमाच्या पायऱ्या

शरदाचे सोनसळी ऊन सह्यगिरीच्या खांद्यावरून ओघळत होते. दरीत धुके दुधासारखे साकळले होते, आणि कृष्णपाषाणात कोरलेल्या लेण्यांवर सकाळ हळूहळू चढत होती.

त्याच वाटेने वासुला चढत होती. पाठीवर सात वर्षांची लेक, खेमा. खेमाचा डावा पाय जन्मापासून वाळल्या वेलीसारखा कृश, निष्प्राण. ती जन्मली त्याच दिवशी तिचा बाप घाटात कोसळून गेला, आणि चितेचा धूर विरण्याआधीच गाव बोलून गेले, "पोरीचं मागल्या जन्मीचं पाप! मेल्यावरही सुटायचं नाही."

सात शरद वासुलेने ते बोल वाहिले. लेकीपेक्षा तेच जड होते.

चैत्यगृहाखाली वृद्ध भिक्षुणी, थेरी धम्मसिरी बसली होती. काषायवस्त्रा, क्षमाशीला, करुणार्द्रनयना. वासुलेने लेकीला तिच्यासमोर उतरवले.

"आर्ये, हिनं मागल्या जन्मी काय केलं होतं? पुढल्या जन्मीही हे असंच का?"

"मला ठाऊक नाही, बाई. बोलणाऱ्यांनाही ठाऊक नाही. दुखणं पित्तानं येतं, ऋतूनं येतं, अपघातानं येतं. सारंच मागल्या जन्माच्या माथी मारू नये, असं तथागतांनीच सांगितलंय. जन्मामागून जन्म येतो खरा, ज्योतीवरून ज्योत लागावी तसा. पण मनात धरून करतो ते कर्म, आणि ते आजही घडतंय. हिला पाठीवर घेऊन डोंगर चढलीस, ते काय होतं मग?"

वासुलेने लेकीचा हात हातात घेतला.

खेमाने मान वर केली. "मी चढले, तर ते माझं कर्म?"

"तुझंच, पोरी."

खेमाने आईचा हात सोडला.

वर बावीस पायऱ्या. उंच, ओबडधोबड, दवाने निसरड्या. तिसरीवरच ती पडली. वासुला धावली, थेरीने तिचे मनगट धरले. खेमा उठली. हात टेकत, गुडघा खरचटत, श्वास ओढत चढली. पुन्हा पडली, पुन्हा चढली. दगडावर रक्ताचे ठिपके उमटले, जास्वंदीसारखे लालबुंद. आणि मग पायऱ्याच संपल्या.

"आई! पोचले गं!"

वासुला हसली. सात वर्षांत प्रथमच. मोठ्याने, मोकळ्याने, माथा उंच करून.

चैत्याच्या कमानीने ती हाक झेलली, स्तंभास्तंभावरून घुमवली. आणि छतातल्या काळोखातून शेकडो पाकोळ्या एकाएकी उसळल्या, उन्हात, दरीवर, उंच, आणखी उंच.