भिंतीपलीकडची फांदी

निकालाची प्रत कन्नडमध्ये आली. मालुबाईंना कन्नड बोलता येत होतं. बाजारात, बसमध्ये, कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांचं कधी अडलं नव्हतं. वाचता मात्र येत नव्हतं. मुलगा समर्थ पुण्याला नोकरीत, वकील बेळगावात. शेवटी कागद हातात घेऊन त्या शेजारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्या घराशी दोन वर्षं बोलणं बंद होतं.

"अण्णा, एवढं वाचून सांगा."

आनंद गोंधळले. खटला त्यांनीच घातला होता.

भांडण फणसाचं. बेळगावजवळच्या हिंडलग्यातल्या घराच्या परसात मालुबाईंच्या नवऱ्यानं, भरमूनं, तो लावलेला. भरमू गेला, झाड वाढत राहिलं आणि त्याची एक जाड फांदी भिंत ओलांडून आनंद आणि कल्याणीच्या मागच्या अंगणावर आली. एका मे महिन्यात तिच्यावरचा पिकलेला फणस, धुणं वाळत घालणाऱ्या कल्याणीच्या अगदी शेजारी आदळला. आनंदनी फांदी छाटायला सांगितलं. सुट्टीवर आलेला समर्थ म्हणाला, "झाड आधीचं, तुमचं घर मागनं आलंय." आवाज चढले. मग पुढचं सगळं वकीलच बोलले.

आनंदनी चष्मा लावला आणि एकेक ओळ मराठीत सांगू लागले. भिंतीपलीकडं गेलेल्या फांद्या प्रतिवादीनं छाटाव्यात, झाडाला इजा करू नये. मध्येच ते थांबले.

"आक्का, निकाल माझ्याच बाजूचा आहे. हवं तर दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या."

"तुम्ही खोटं वाचणार न्हाय," मालुबाई म्हणाल्या, "म्हणून तर हिकडं आले."

समर्थनं फोनवर अपिलाचं काढलं. "काय नको रं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि झाडं तोडणाऱ्या खानापूरच्या गुंडूला निरोप धाडला.

गुंडू कुऱ्हाड आणि दोरखंड घेऊन आला तेव्हा फांदी कुयऱ्यांनी, कोवळ्या फणसांनी, लगडली होती. तो वर चढून दोर बांधतोय हे बघून आनंद घाईघाईनं भिंतीपाशी आले.

"आक्का, थांबवा त्याला. मी वकिलाला सांगतो, मला घाई नाही. एवढी फळं तरी उतरू देत."

"नको अण्णा. तोडू दे."

"अहो, कोर्टाला एवढं कशाला भिता?"

"कोर्टाला कोण भितंय?" मालुबाईंनी पदर खोचला. "वैनींनी साक्ष दिली तवा मी बाकावर बसले हुते. धुणं घालताना सारखी वर बघते म्हणाल्या. अंगणात नातीला सोडत न्हाय म्हणाल्या. माझ्या पोरानं सांगितलेलं, ही माणसं उगंच कांगावा करत्यात. तिथं बसून ऐकलं आणि मला घरला येईस्तवर काय सुचंना. आदीच कळलं असतं तर मीच तोडली असती."

"मी सांगितलं होतं, आक्का."

"तुम्ही फांदी सांगितलासा. भ्या न्हाय सांगितलासा."

हे खरं होतं. त्या दिवशी ते पत्रा, भिंत, हद्द असंच काहीबाही ओरडत होते. बायकोचे हात किती वेळ थरथरत होते, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

गुंडूनं फांदी तोडून दोरानं सावकाश मालुबाईंच्या परसात खाली घेतली. आनंदनी भिंतीच्या आपल्या बाजूनं दोर धरला. मालुबाई वाकून कुयऱ्या टोपलीत गोळा करू लागल्या. कापल्या जागेवरून चीक ओघळत होता. त्यांनी खोडावर हात ठेवला, तो तसाच राहिला. गुंडूनं बघितलं आणि तो कुऱ्हाड पुसायला पलीकडं निघून गेला.

कल्याणी पुढच्या दारानं फिरून आली. हातात खोबरेलाची वाटी होती. तिनं मालुबाईंना पायरीवर बसवलं, त्यांचे चिकट हात आपल्या मांडीवर घेतले आणि तेल चोळू लागली.

"भरमूअण्णांनी लावलेला ना?"

"व्हय. लगीन झालं त्याच वर्सी. मला फणस लई आवडतो म्हणून. तोंडानं कवा बोलायचा न्हाय तो. झाड लावलं आणि गप बसला."

मालुबाईंचे डोळे भरले. चीक केव्हाच निघाला होता, तरी ती बोट न् बोट चोळत राहिली.

"खोडावर लागतील की अजून," ती हळूच म्हणाली.

"लागतील. खोडावरचा गरा जास्त गोड असतोय." मालुबाईंनी पदरानं नाक पुसलं. "कुयरीची भाजी येती का तुमास्नी?"

"नाही हो."

"मग चला आत. पर आदी माज्या विळीला तेल लावाय पायजे."

आनंदही फिरून आले आणि टोपली उचलून त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. दुपारी तिघांनी तिथंच खाली बसून जेवण केलं. भाजीत मीठ थोडं जास्त झालं होतं. आनंदनी ते बोलून दाखवलं, आणि दोघी त्यांच्यावर एकदमच चिडल्या.